‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ : जपानी आक्रमणाचे चित्रण आणि त्यातील मौन

सारांश : व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (1946) हा चित्रपट सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या चीनमधील सेवेची कथा सांगतो. ही कथा जपानच्या चीनवरील आक्रमणातून जन्मली. चित्रपटात मात्र ते आक्रमण साम्राज्यवादी कृती म्हणून उभे राहत नाही. ते संकट म्हणून येते आणि संकट म्हणूनच ओसरते. प्रस्तुत लेखात या मौनाची कारणे आणि युद्धोत्तर काळातील जपानविषयक भारतीय स्मृतीवर पडलेली त्याची छाया यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : दुसरे महायुद्ध, जपानी साम्राज्यवाद, चरित्रपट, राष्ट्रीय स्मृती, व्ही. शांताराम.

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरातील उस्मानपुरा, स्टेशन रोड या परिसरात वावरणाऱ्या सुशिक्षित माणसाला जपान हा देश अपरिचित नाही. अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणारे जपानी यात्रेकरू या शहराने अनेक वर्षे पाहिले आहेत. अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्पाचा पहिला टप्पा 1992 मध्ये आणि दुसरा 2003 मध्ये जपानच्या कर्जसाहाय्याने हाती घेण्यात आला. त्यामुळे जपान म्हटले की बुद्धभूमीविषयी आदर असणारा, शिस्तप्रिय आणि साहाय्य देणारा देश अशी प्रतिमा मराठवाड्यात सहजपणे उभी राहते. इतिहासाच्या अभ्यासक्रमातून तिला दोन जोड मिळतात : एक हिरोशिमा-नागासाकीची आणि दुसरी आझाद हिंद सेनेची. पहिलीत जपान बळी आहे, तर दुसरीत मित्र.

या तिन्ही प्रतिमांत न बसणारे एक मराठी नाव म्हणजे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (1910-1942). जपानी सैन्याशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत ते वयाच्या बत्तिसाव्या वर्षी चीनमध्ये निवर्तले. त्यांचे नाव महाराष्ट्रात आदराने घेतले जाते. परंतु ते कोणाविरुद्धच्या लढ्यात सहभागी झाले होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या विस्मृतीत त्यांच्यावरील सर्वांत प्रभावी कलाकृतीचा वाटा किती, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

7 जुलै 1937 रोजी पेकिंगजवळील मार्को पोलो पुलावर झालेल्या चकमकीतून जपान-चीन युद्धाला तोंड फुटले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नानकिंग पडले आणि तेथील नागरिकांच्या हत्याकांडाने जग हादरले. युरोपात युद्ध सुरू होण्यापूर्वी दोन वर्षे आशियात ते पेटले होते, ही बाब युरोपकेंद्री कालगणनेमुळे नजरेआड होते. भारतीय राष्ट्रीय चळवळीने मात्र तिची वेळीच दखल घेतली होती. काँग्रेसने जपानी मालावरील बहिष्काराचे आवाहन केले आणि चीनविषयी सहानुभूती व्यक्त करणारे दिन पाळले.

चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी पं. नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची विनंती केली होती. 1938 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन करून निधी उभारला आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकप्रमुख होते. कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे अन्य सदस्य होते. 1 सप्टेंबर 1938 रोजी या पथकाने मुंबई सोडली. पाचांपैकी दोघे मराठी भाषक होते, हे लक्षणीय आहे. वयाने ज्येष्ठ असलेले डॉ. चोळकर लवकर परतले आणि महाराष्ट्राच्या स्मरणातूनही ते जवळजवळ निघून गेले. जे परतले नाहीत, तेच अमर ठरले.

1939 च्या आरंभी पथक येनानला पोहोचले. पुढे डॉ. कोटणीस वुताई पर्वताच्या परिसरातील आघाडीमागच्या प्रदेशात काम करू लागले. कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचा नोव्हेंबर 1939 मध्ये याच आघाडीवर रक्तविषबाधेने मृत्यू झाला होता. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा 1941 मध्ये डॉ. कोटणीस यांच्याकडे आली. त्याच वर्षी परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1942 मध्ये त्यांना पुत्र झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांची नावे सूचित करणारे ‘यिन्हुआ’ असे त्याचे नाव ठेवण्यात आले. त्याच वर्षी ते चिनी साम्यवादी पक्षाचे सदस्य झाले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले.

कोटणीस ज्या सोलापुरात घडले, त्याचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. 1930 मध्ये लष्करी कायदा अनुभवलेले आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे यांची फाशी पाहिलेले ते शहर होते. ते गिरण्यांचेही शहर होते. जपान हा त्या काळी भारतीय कापसाचा मोठा ग्राहक होता आणि जपानी कापड हे भारतीय गिरण्यांचे मोठे प्रतिस्पर्धी होते. 1934 च्या भारत-जपान व्यापार करारात जपानने घ्यावयाचा कापूस आणि भारतात आणावयाचे कापड यांची सांगड घातली गेली होती. वऱ्हाड-खानदेशातील शेतकरी आणि सोलापूर-मुंबईतील गिरणी कामगार या दोघांनाही जपान आर्थिक शक्ती म्हणून अशा रीतीने जाणवत होता. जपानची विस्तारवादी भूक समजून घेण्याचे साधन मराठी प्रेक्षकाच्या स्वतःच्या जगण्यातच उपलब्ध होते. त्याचा उपयोग चित्रपटाने केला नाही.

चित्रपटाची निर्मिती : परवाना आणि प्रेरणा

ख्वाजा अहमद अब्बास यांनी 1944 मध्ये ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्यावरून अब्बास व वि. पु. साठे यांनी पटकथा रचली. प्रभातमधून बाहेर पडून शांताराम यांनी मुंबईत परळ येथे राजकमल कलामंदिर ही संस्था स्थापन केली होती. तिच्या वतीने हा चित्रपट तयार झाला. शांताराम यांनी स्वतः कोटणीस यांची आणि जयश्री यांनी चिनी पत्नीची भूमिका केली. संगीत वसंत देसाई यांचे होते. चित्रपटाची इंग्रजी आवृत्तीही काढण्यात आली.

या निर्मितीमागील एक व्यावहारिक वस्तुस्थिती समीक्षेच्या दृष्टीने निर्णायक आहे. युद्धकाळात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण होते आणि युद्धप्रयत्नांना साहाय्यक ठरणारे चित्रपट काढण्याचे बंधन निर्मात्यांवर आले होते. ब्रिटिशांच्या युद्धाचा प्रचार करणे राष्ट्रवादी वृत्तीच्या निर्मात्याला रुचणारे नव्हते, आणि न केल्यास व्यवसाय थांबण्याची भीती होती. शांताराम-अब्बास यांनी शोधलेला मार्ग चातुर्याचा होता. काँग्रेसने पाठविलेला डॉक्टर, ब्रिटिशांच्या मित्रराष्ट्राच्या भूमीवर, ब्रिटिशांच्याच शत्रूविरुद्ध लढणाऱ्यांची सेवा करतो. या विषयामुळे सरकारची अट पूर्ण होत होती आणि राष्ट्रीय स्वाभिमानही अबाधित राहत होता.

हा मार्ग यशस्वी ठरला, परंतु त्याची किंमत संहितेला मोजावी लागली. ज्या चित्रपटाला ब्रिटिश राजवटीत पडद्यावर यायचे आहे, त्यात जपानचे आक्रमण ‘साम्राज्यवाद’ या नावाने संबोधणे अवघड होते. तो शब्द एकदा उच्चारला की प्रेक्षागृहातील प्रत्येकाला प्रथम मंचुरिया आठवला नसता, आठवला असता तो स्वतःचा देश. शत्रूचे वर्णन करावयाचे, परंतु त्याच्या कृतीचे नाव टाळावयाचे, अशा पेचात ही संहिता सापडली.

शत्रूचे चित्रण

चित्रपटातील जपानी माणूस या पेचाची साक्ष देतो. जपानी सैन्य येथे प्रसंगापुरते येते. त्याच्या तुकडीच्या हाती नायक सापडतो आणि निसटतो. कथानकाला गती देण्याचे काम ही तुकडी चोख बजावते, पण तिच्यामागे कोणते राज्य आहे, त्या राज्याला चीनच्या भूमीत काय हवे आहे, सक्तीने रणांगणावर आणलेल्या जपानी शेतकऱ्याच्या मुलाचे या युद्धात काय हित आहे, हे प्रश्न उपस्थित होत नाहीत. चिनी आणि जपानी अशी दोन्ही बाजूंची पात्रे भारतीय नटांनीच रंगविली आहेत. चिनी पात्रांना नाव, विनोद, प्रेम आणि दुःख मिळाले आहे. जपानी पात्रांच्या वाट्याला केवळ क्रौर्य आले आहे.

युद्धकालीन चित्रपटाकडून शत्रूविषयी समतोल दृष्टीची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. तो काही अंशी मान्य करावा लागेल. परंतु शांताराम यांच्याच पूर्वीच्या कृती या आक्षेपाला उत्तर देतात. ‘शेजारी’ (1941) या चित्रपटात हिंदू व मुसलमान मित्रांत फूट पाडणारी शक्ती निव्वळ दुष्ट म्हणून येत नाही. धरण बांधू पाहणाऱ्या धनिकाचा हितसंबंध तिच्यामागे स्पष्टपणे दाखविला आहे. ‘कुंकू’ (1937) मध्येही अन्याय करणारा वृद्ध नवरा समजून घेण्याजोगा माणूस आहे. दुष्कृत्याला कारण देण्याची आणि अपराध्याला चेहरा देण्याची क्षमता या दिग्दर्शकाकडे निश्चितपणे होती. ती ‘कोटणीस’मध्ये वापरली गेली नाही. ही कलात्मक असमर्थता नव्हती, परिस्थितीने लादलेली मर्यादा होती, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

अब्बास यांची त्याच वर्षीची दुसरी कृती ही मर्यादा अधिक ठळक करते. ‘धरती के लाल’ (1946) हा त्यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट बंगालच्या 1943 च्या दुष्काळावर आहे. त्या दुष्काळाला अनेक कारणे होती. जपानने ब्रह्मदेश जिंकल्यामुळे तेथून येणारा तांदूळ थांबला होता. दुसरीकडे शत्रूच्या हाती साधने पडू नयेत म्हणून ब्रिटिश प्रशासनाने बंगालच्या किनारी भागातील होड्या व धान्यसाठे हलविले होते. दोन साम्राज्यांच्या संघर्षात शेतकरी भरडला गेला. ‘कोटणीस’ व ‘धरती के लाल’ हे चित्रपट शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्यास या युद्धाचे चित्र पूर्ण होऊ लागते. एकट्या ‘कोटणीस’मधून ते होत नाही.

साथरोगाचे रूपक

चित्रपटाने इतिहासात केलेला सर्वांत महत्त्वाचा बदल नायकाच्या पराक्रमाविषयी आणि मृत्यूविषयी आहे. प्रत्यक्षात कोटणीस यांचे मोठे कार्य युद्धजखमींवरील शस्त्रक्रिया आणि ग्रामीण वैद्यकीय कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हे होते, आणि त्यांचा मृत्यू अपस्माराने झाला. चित्रपटात मात्र प्लेगसारख्या भीषण साथीवर उपाय शोधणे हा त्यांचा मुख्य पराक्रम ठरतो आणि त्याच साथीची लागण त्यांच्या अंताला कारणीभूत होते.

नाट्याच्या दृष्टीने हा बदल समर्थनीय आहे. अपस्माराचा झटका हा दैवाचा आघात वाटतो, तर रोग्यांना वाचविताना ओढवलेला रोग हे आत्मार्पण ठरते. परंतु या बदलाचा वैचारिक परिणाम खोलवर जातो. संघर्षाचा रोख आक्रमक सैन्यावरून जंतूंवर सरकतो. डॉक्टरचा प्रतिस्पर्धी जपानी सेनापती न राहता रोग हा प्रतिस्पर्धी होतो. रोगाला राष्ट्र नसते आणि हितसंबंधही नसतात. त्यामुळे साम्राज्यवादाचे नाव टाळण्याचा पेच येथे आपोआप सुटतो.

आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात या बदलातील विपर्यास विलक्षण वाटतो. जपानी सैन्याच्या ‘पथक 731’ ने शिरो इशी याच्या नेतृत्वाखाली हार्बिनजवळ जिवंत माणसांवर जंतूंचे प्रयोग केले. निंगबो (1940) व चांगदे (1941) या चिनी शहरांवर विमानांतून प्लेगबाधित पिसवा टाकण्यात आल्या. म्हणजे ज्या चीनमध्ये चित्रपट प्लेगला युद्धापासून वेगळा, नैसर्गिक शत्रू मानतो, त्याच चीनमध्ये प्लेग हे युद्धाचे शस्त्र झाले होते. 1945-46 मध्ये मुंबईतील पटकथाकारांना या प्रकाराची पूर्ण कल्पना असणे शक्य नव्हते, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. पुढे अमेरिकेने संशोधनाच्या माहितीच्या मोबदल्यात इशी व त्याच्या सहकाऱ्यांना अभय दिले. त्यामुळे टोकियोच्या खटल्यात हे प्रकरण आलेच नाही. डिसेंबर 1949 मध्ये सोव्हिएत संघाने खाबारोव्हस्क येथे चालविलेला खटला पाश्चात्त्य जगाने प्रचार म्हणून बाजूला सारला. साथीला युद्धापासून तोडणारी ही कल्पित कथा म्हणूनच दीर्घकाळ कोणालाही खटकली नाही.

अध्यक्ष आणि सेनापती

चित्रपट 1946 मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा तो ज्या हेतूने मंजूर झाला होता तो हेतूच संपला होता. ऑगस्ट 1945 मध्ये जपानने शरणागती पत्करली होती. 5 नोव्हेंबर 1945 पासून लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला आणि देशभर त्यांच्या बाजूने लोकमत उसळले. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईतच नौसैनिकांचा उठाव झाला. जपानच्या साहाय्याने लढलेले सैनिक राष्ट्रवीर ठरत असतानाच जपानविरुद्ध सेवा करून मेलेला डॉक्टर पडद्यावर राष्ट्रवीर म्हणून अवतरला. प्रेक्षकांनी दोघांनाही वंदन केले.

या दोन्ही वंदनांच्या मुळाशी एकच व्यक्ती आहे. कोटणीस यांना चीनला पाठविणारे काँग्रेस अध्यक्ष आणि 1943 मध्ये सिंगापुरात आझाद हिंद सेनेचे नेतृत्व स्वीकारणारे सेनापती हे दोन्ही सुभाषचंद्र बोस होते. ऑक्टोबर 1937 मध्ये ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या मासिकातील लेखात त्यांनी पूर्वेतील जपानच्या भूमिकेची चिकित्सा केली होती. जपानच्या कर्तृत्वाची दखल घेतानाच त्याच्या साम्राज्यवादी मार्गाचा त्यांनी निषेध केला होता. पाच वर्षांनंतर ब्रिटिश सत्ता उलथविण्यासाठी त्यांनी त्याच शक्तीचे साहाय्य घेतले. या निर्णयाचे नैतिक वा राजकीय मूल्यमापन हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. ज्या समाजाने दोन्ही घटनांचा अभिमान बाळगला, त्याने त्यांतील विसंगतीला सामोरे जाणे अपेक्षित होते, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे. ज्या कलाकृतीला ही संधी मिळाली होती, तिने जपानला चेहराच न दिल्यामुळे प्रेक्षकाला ती विसंगती जाणवली नाही. चेहरा नसलेला शत्रू विसरणे सोपे असते.

युद्धोत्तर स्मृती

पुढील घडामोडींनी ही विस्मृती दृढ केली. टोकियो खटल्यात न्या. राधाबिनोद पाल यांनी 1948 मध्ये भिन्नमतपत्रिका लिहून सर्व आरोपींना निर्दोष ठरविले. पाल यांनी जपानी सैन्याचे अत्याचार नाकारले नव्हते. जेत्यांनी पूर्वलक्षी कायद्याने जितांचा न्याय करावा का, हा त्यांचा मूलभूत आक्षेप होता. परंतु लोकमानसात ‘भारतीय न्यायाधीशाने जपानला निर्दोष म्हटले’ एवढेच उरले. भारताने 1951 च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत भाग घेतला नाही. 9 जून 1952 रोजी जपानशी स्वतंत्र करार करून त्याने नुकसानभरपाईचा हक्क सोडला. नव्या आशियाई मैत्रीचे हे धोरण उदार होते. मात्र औदार्य आणि विस्मरण यांतील रेषा तेव्हापासून पुसट होत गेली. 1942 ते 1945 या काळात अंदमानातील नागरिकांनी सोसलेले जपानी सैन्याचे अत्याचारही मुख्य भूमीवरील स्मृतीत फारसे उरले नाहीत.

1962 च्या युद्धाने उलट दिशेने तोच परिणाम साधला. ज्या चीनसाठी कोटणीस यांनी प्राण वेचले, तोच शत्रू ठरला. कोटणीस यांचे स्मरण आता एका नाजूक राजनैतिक प्रतीकाचे रूप घेऊ लागले. संबंध सुधारले की त्यांचे नाव पुढे येते आणि बिघडले की मागे पडते. चीनने 1982 मध्ये आणि भारताने 1993 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. शिजियाझुआंग येथे त्यांची समाधी आहे, सोलापुरात स्मारक आहे. या सर्व स्मरणांत ‘भारत-चीन मैत्री’ हा शब्दप्रयोग असतो, पण त्या मैत्रीला निमित्त झालेला जपान मात्र कोठेच नसतो.

चित्रपटाच्या शेवटी मरणासन्न नायक पत्नीला आपल्या घराची वाट सांगतो आणि त्याच्या कल्पनेतून ती बाळासह त्या घरी पोहोचते. भारतीय चित्रपटातील हृदयस्पर्शी अखेरींपैकी ही एक आहे, याविषयी दुमत होऊ नये. परक्या भूमीवरील युद्ध उंबरठ्यावरील स्वागतात विसर्जित होते. वास्तव इतके दयाळू नव्हते. ग्वो छिंगलान यांचे आयुष्य चीनमध्येच गेले. त्यांनी भारताला भेटी दिल्या, सोलापूरच्या कुटुंबाशी नाते राखले आणि 2012 मध्ये त्यांचे निधन झाले. यिन्हुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच 1967 मध्ये अकाली मृत्यू पावला. चित्रपटाने दिलेला दिलासा त्यांना लाभला नाही. युद्धाची खरी अखेर घरवापसीत होत नाही. ती उरलेल्यांच्या दीर्घ आयुष्यात झिरपत राहते, हे भान या सुंदर शेवटाच्या आड झाकले जाते.

निष्कर्ष

1. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट चिनी माणसाविषयी भारतीय प्रेक्षकाच्या मनात आत्मीयता निर्माण करणारी श्रेष्ठ कलाकृती आहे. त्याचे हे यश निर्विवाद आहे.

2. युद्धप्रयत्नाच्या सरकारी चौकटीत निर्माण झाल्यामुळे जपानी आक्रमणाची साम्राज्यवाद म्हणून मांडणी त्याला करता आली नाही. परिणामी शत्रू चेहराहीन राहिला.

3. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला साथरोगाशी झुंजणारा नायक बनविल्याने संघर्षाचा रोख मानवी अपराधावरून नैसर्गिक आपत्तीकडे वळला. जंतुयुद्धाच्या आज उपलब्ध असलेल्या माहितीमुळे हा बदल पुन्हा तपासणे आवश्यक झाले आहे.

4. आझाद हिंद सेना आणि वैद्यकीय पथक या दोन अभिमानस्थानांतील ताण चित्रपटाने वा त्याच्या समीक्षेने पुरेसा उघड केला नाही. हा ताण वर्गात मांडल्याने सुभाषचंद्र बोस यांची वा कोटणीस यांची थोरवी कमी होत नाही. उलट पराधीन राष्ट्रापुढील पर्याय किती कठीण होते, हे विद्यार्थ्याला कळते.

5. अजिंठ्याच्या संवर्धनाला हातभार लावणारा जपान हे वास्तव आहे आणि नानकिंगचा जपान हेही वास्तव आहे. मैत्री टिकविण्यासाठी इतिहास विसरावा लागत नाही. ज्या सोलापूरच्या डॉक्टरने आपल्या देशाच्या स्वातंत्र्याची वाट न पाहता दुसऱ्या देशाच्या जखमी सैनिकांवर उपचार केले, त्याचे स्मरण त्या जखमा कोणी केल्या या प्रश्नासह व्हावे, हेच त्याच्या कार्याशी सुसंगत आहे.